जुना थिंकपॅड, लिनक्स मिंट आणि टेबलावरचं उघडं ग्राफिक्स कार्ड

निकाल आधीच सांगून टाकते. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकणं जवळपास कुणालाही परवडेल आणि जमेल. बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडणं मात्र ज्याचं पोट रेंडरवर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र काढण्यावर, आहे त्यानंच करावं, आणि तेही लॅपटॉपला योग्य पोर्ट असेल तरच.

माझा लॅपटॉप थिंकपॅड टी४७०, २०१७ सालचं मॉडेल. आत सातव्या पिढीचा आय५. विंडोज ११ ची इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत, स्क्रीन ठणठणीत, बिजागऱ्या घट्ट, आणि तरी मशीन ‘बाद’. इथल्या एका दुकानदारानं एक्स्चेंजमध्ये जो आकडा सांगितला, त्यात बरा मिक्सरही आला नसता.

मी कोल्हापुरात इंटिरिअरची कामं करते. किचन ट्रॉली, वॉर्डरोब, देवघर, टीव्ही युनिट. हल्ली ‘थ्रीडी’ बघितल्याशिवाय कुणी अॅडव्हान्स देत नाही, आणि थ्रीडी बघितलं की सनमायकाचा रंग बदलून परत मागतात. “ताई, हाच ओटा जरा ग्रे मध्ये दाखवा की.” म्हणजे पुन्हा रेंडर. माझं सगळं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. या आय५ ला दोनच कोअर आहेत. सायकल्सवर (ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन) एक किचन रेंडरला लावलं की स्वयंपाक, जेवण, भांडी सगळं उरकायचं आणि स्क्रीनवर दाणेदार चित्र तसंच.

आधी मिंटबद्दल. लिनक्सचा एक प्रकार, लिनक्स मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप. उबंटू २४.०४ वर उभं आहे, अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत मिळत राहणार. त्याच्याबरोबर १६ जीबी रॅम आणि नवा एसएसडी घातला. टी४७० उघडायला सोपा आहे आणि रॅमचे दोन स्लॉट आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: या मॉडेलला मागच्या बॅटरीशिवाय आत आणखी एक बॅटरी असते. मागची काढली म्हणजे वीज बंद झाली असं नाही. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारी सेटिंग) आतली बॅटरी बंद करायचा पर्याय आहे, तो आधी वापरा आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

वायफाय, टचपॅड, कीबोर्डमधली माउसची लाल टिकली, आवाज, सगळं पहिल्या बूटला चाललं. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहेच, कोटेशन लिबरऑफिसमध्ये मुक्ता फाँटात करते आणि पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर टाकते. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. एवढ्यावरच थांबले असते तरी पैसे वसूल होते.

गैरसोय आहे ती ऑटोकॅडची. ते लिनक्सवर येत नाही. आर्किटेक्ट ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल पाठवतात, ती मी ओडीए या संस्थेच्या फुकट कन्व्हर्टरमधून डीएक्सएफ, म्हणजे इतर सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या प्रकारात, करून घेते. साधा प्लॅन नीट येतो, पण डायनॅमिक ब्लॉक भरलेला ड्रॉइंग आला की वैताग. स्केचअप ब्राउझरमध्ये चालतं. वर्षानुवर्षं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फाइली ज्यांच्याकडे पडून आहेत, त्यांनी विंडोजची एक सोय बाजूला ठेवावी हे बरं.

आता कार्ड. सगळा खेळ एका बारीक खुणेवर आहे. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टशेजारी विजेची, बाण असलेली खूण आहे का बघा. ती असेल तर बहुतेक ते थंडरबोल्ट, म्हणजे बाहेरचं कार्ड जोडू देणारं वेगवान पोर्ट, नसेल तर डॉक (बाहेरचं कार्ड बसवायचा बोर्ड) घ्यायच्या आधी मॉडेलचा तपशील वाचा. साधा यूएसबी टाइप-सी पोर्ट दिसायला हुबेहूब तसाच असतो आणि या कामाला शून्य उपयोगाचा. टी४७० ला थंडरबोल्ट ३ आहे, पण चारऐवजी पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डपर्यंत डेटा नेणाऱ्या वाटेच्या) दोनच लेन दिलेल्या. गेम खेळणाऱ्यांनी इथंच थांबावं. गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांचं सतत बोलणं चालू असतं, वाट अरुंद असली की अडतं. लॅपटॉपच्याच स्क्रीनवर चित्र बघायचं म्हटलं तर तेही त्याच केबलमधून परत येणार. रेंडरचं तसं नाही. सीन एकदा कार्डच्या मेमरीत गेला की पुढचं काम कार्ड एकटं करतं. सुरुवातीला थोडं थांबायला लागतं, बस्स.

बाहेरचं कार्ड बसवायचा रेझरच्या कोअर एक्ससारखा बंद डबा माझ्या बजेटच्या बाहेर होता. म्हणून उघडा डॉक मागवला: एक सर्किट बोर्ड, त्यावर कार्डचा स्लॉट, आणि कॉम्प्युटरचा साधा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बाहेरून जोडायचा. दिसायला अर्धवट दुरुस्तीला काढलेल्या सामानासारखं आहे. मी त्याला आमच्या सुताराकडून जाळीचा प्लायवूडचा खोका करून घेतला, वर तोच ग्रे सनमायका.

कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबीचं, सेकंडहँड, भावानं मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणलं. सेकंडहँड घेताना दोन गोष्टी. एक, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर अशी कार्डं बाजारात पोत्यानं आली. दुकानातच लोड देऊन पंधरा मिनिटं चालवून बघा, पंखा घरघरतोय का ऐका, मगच पैसे द्या. दोन, स्वस्त दिसतं म्हणून जीटीएक्स १०६० किंवा १०८० उचलू नका. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ५८० ही शाखा त्या पिढीसाठी शेवटची, त्यापुढच्या शाखा ती कार्डं चालवत नाहीत. १६६० पुढच्या पिढीतलं आहे. आणि ब्लेंडरसाठी एएमडीचं जुनं आरएक्स ५७० घेऊ नका, सायकल्स त्याला आता कामाला लावत नाही. लिनक्सवर ते कार्ड एरवी गुणी आहे, पण आपल्या उपयोगाचं नाही.

जोडणी मला वाटली होती त्यापेक्षा सरळ निघाली. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर, थंडरबोल्टच्या उपकरणाला एकदा परवानगी, आणि ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डवर रेंडर करायचा पर्याय) निवडायचं. इंटरनेटवर डिस्प्लेच्या कॉन्फिग फाइली बदलायच्या लांबलचक कृती सापडतात. नुसत्या रेंडरसाठी त्यांची गरज नाही. ब्लेंडरची खिडकी इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर चालू राहते, रेंडरचं ओझं बाहेरचं कार्ड उचलतं. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी बायोसची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागतो आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. घाबरून पुढे ढकलू नका, तिथंच तो पासवर्ड द्यायचा असतो.

फरक किती? तोच ओटा ग्रे मध्ये बघायचा तर गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना चहा येईपर्यंत दाखवता येतो. माझ्या धंद्यात याची किंमत रेंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे, कारण निर्णय तिथंच होतो. पण सीन उघडणं, मॉडिफायर, जड मॉडेल फिरवणं हे दोन कोअरच्याच वेगानं चालतं. त्यात कार्ड काही मदत करत नाही.

त्रास कुठं होतो तर लाइट गेली की. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, एसएमपीएस मरतो, कार्ड गायब होतं आणि ब्लेंडर तर जातंच, बरेचदा अख्खं मशीन गोठतं. चालू असताना केबल ओढली तरी तेच. त्यामुळे एसएमपीएसला यूपीएस लावणं हा खर्च सुरुवातीलाच धरा. कार्ड जोडलेलं असताना झाकण मिटून झोपवू नका, आधी बंद करा. मी केबल लावूनच मशीन चालू करते.

रॅम, एसएसडी, डॉक, एसएमपीएस, कार्ड मिळून तीस हजारांच्या आसपास गेले, यूपीएस घरात होता. एवढ्यात ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप येत नाही. साइटवर जाताना केबल काढून नेहमीचा लॅपटॉप पिशवीत टाकते.

तुमच्याकडे अजून मशीनच नसेल आणि सेकंडहँड घेऊनच हे करायचं असेल, तर टी४७० शोधू नका. टी४८०एस बघा: आठव्या पिढीचा, चार कोअरचा, आणि थंडरबोल्टला चारही लेन. त्याच्या रॅमचा एक भाग मदरबोर्डलाच चिकटवलेला असतो, तेवढं विचारून घ्या. कार्ड ६ जीबीपेक्षा मोठं परवडलं तर मोठं घ्या. बंगल्याचा पूर्ण हॉल, पडदे, झुंबर असं सगळं एका सीनमध्ये घातलं की माझ्या कार्डची मेमरी संपते आणि मला झुंबर वगळून रेंडर द्यावा लागतो.