महाविद्यालयाचा दवाखाना, पालिकेचा दवाखाना की खासगी डॉक्टर: मुंबईतील विद्यार्थ्याने कुठे जावे?

मुंबईत वसतिगृहात राहणाऱ्या किंवा रोज लोकलने महाविद्यालय गाठणाऱ्या विद्यार्थ्यासमोर आजारपणात साधारणपणे तीन पर्याय असतात: महाविद्यालयाच्या आवारातील दवाखाना, महानगरपालिकेचे दवाखाने व रुग्णालये, आणि खासगी डॉक्टर. माझे स्पष्ट मत असे आहे की किरकोळ आजार, अचानक आलेली घेरी किंवा मैदानावरची दुखापत यांसाठी महाविद्यालयाचा दवाखाना सर्वांत सोयीचा असतो. मात्र ताप दोन दिवसांपलीकडे गेला, रक्ततपासणीची गरज पडली किंवा उपचार महिनोन्‌महिने चालणार असतील, तर पालिकेची यंत्रणा अधिक भरवशाची ठरते.

‘महाविद्यालयाचा दवाखाना’ म्हणजे नेमके काय, हे संस्थेनुसार फार बदलते. पवईच्या आयआयटीच्या आवारात स्वतंत्र रुग्णालय आहे. याउलट शहरातील अनेक संलग्न महाविद्यालयांत एक खोली, एक खाट, प्रथमोपचाराची पेटी आणि ठरावीक वेळी येणारे डॉक्टर एवढीच व्यवस्था असते. त्यामुळे प्रवेश झाल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ काय, औषधे तेथेच मिळतात की केवळ चिठ्ठी, रात्री वसतिगृहात कोणी आजारी पडल्यास कोणाला कळवायचे आणि विद्यार्थ्याची नोंद कोणाकोणाला पाहता येते, हे विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

या दवाखान्याचा एक फायदा इतरत्र मिळत नाही. 75 टक्के हजेरीच्या नियमामुळे आजारपणाचे प्रमाणपत्र वेळेवर मिळणे विद्यार्थ्यासाठी कळीचे असते, आणि संस्थेच्याच डॉक्टरांनी आजारपणाच्या दिवशी तपासून दिलेल्या कागदाबाबत कार्यालयात सहसा शंका घेतली जात नाही. बाहेरील डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणल्यास काही ठिकाणी त्यावर संस्थेच्या डॉक्टरांची सही मागतात. म्हणून उपचार बाहेर घेतले तरी त्याच आठवड्यात महाविद्यालयाला लेखी कळवावे.

पावसाळ्यात मात्र या दवाखान्याची मर्यादा लवकर उघडी पडते. जून ते ऑक्टोबर या काळात मुंबईत हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा जिवाणूसंसर्ग, ‘लेप्टो’) एकाच वेळी पसरलेले असतात, आणि सुरुवातीच्या तापावरून ते वेगळे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. रक्तात डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस1 तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर प्रतिपिंडे शोधणाऱ्या आयजीएम तपासणीकडे वळावे लागते. म्हणजे तापाच्या गोळीवर चार दिवस काढणे याचा अर्थ निदानाची सोपी संधी घालवणे असा होतो. प्रयोगशाळा नसलेल्या खोलीत हे काम होणार नाही. अशा वेळी पालिकेचा ‘आपला दवाखाना’ जवळ असेल तर तेथे जावे. 2022 पासून सुरू झालेल्या या दवाखान्यांत तपासणी, औषधे आणि अनेक रक्तचाचण्या मोफत होतात आणि बरेच दवाखाने संध्याकाळीही उघडे असल्याने व्याख्याने बुडवावी लागत नाहीत. निदान होईपर्यंत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण डेंग्यूमध्ये त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिंदमाता किंवा मिलन सबवे येथील साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर 72 तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवावे. लेप्टोच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचे की नाही, ते तेथील डॉक्टर ठरवतात.

केईएम, शीव, नायर किंवा कूपर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तज्ज्ञ आणि तपासण्या एकाच छताखाली मिळतात आणि खर्च नाममात्र असतो, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. केस पेपर, ओपीडीची रांग, तपासणीची रांग आणि अहवाल घेण्यासाठी पुन्हा फेरी, असा अर्धा दिवस सहज जातो. साध्या सर्दीसाठी तेथे जाणे योग्य नाही. महाविद्यालयाच्या डॉक्टरांची शिफारसचिठ्ठी सोबत असल्यास कोणत्या विभागात जायचे, हा घोळ तरी वाचतो.

क्षयरोगाच्या बाबतीत माझ्या मते तुलनेला जागाच नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असेल, तर पालिकेकडेच जावे. तेथे निदान व औषधे मोफत असतात, क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1000 रुपये मिळतात, आणि सुट्टीत गावी जायचे झाल्यास नोंद त्या जिल्ह्यात हलवून औषधे सलग चालू ठेवता येतात. साधारण सहा महिन्यांचा हा उपचार मध्येच तुटू न देणे, हे खोलीतील सोबत्यांच्या दृष्टीनेही अत्यंत आवश्यक आहे.

खासगी डॉक्टरांचा पर्याय घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक मानवतो. डोंबिवली किंवा विरारहून येणाऱ्याचे डॉक्टर त्याला लहानपणापासून ओळखत असतील, तर दमा, मायग्रेन किंवा थायरॉईडसारख्या जुन्या आजारासाठी डॉक्टर बदलू नयेत. संस्थेच्या सामूहिक विम्यावर फार विसंबू नये. असा विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतो, बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे खिशातूनच जातात.

मानसिक त्रासाबाबत निवड अधिक नाजूक आहे. महाविद्यालयातील समुपदेशकांना परीक्षांचे वेळापत्रक आणि तेथील वातावरण ठाऊक असते, ही जमेची बाजू. पण त्रासाचे मूळ एखाद्या शिक्षकात किंवा वर्गातच असेल, तर त्याच इमारतीत मन मोकळे करणे कठीण जाते. तेव्हा बाहेरची मदत घ्यावी. टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध असते आणि मराठीतही बोलता येते. केईएम व नायर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले गेले पाहिजे.

गर्भधारणेच्या प्रश्नासाठीही महाविद्यालयाबाहेरील मान्यताप्राप्त केंद्रच योग्य. 18 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याने तिची स्वतःची संमती पुरेशी असते आणि डॉक्टरांना तिची ओळख उघड करता येत नाही. अकरावी-बारावीतील 18 वर्षांखालील मुलींसाठी मात्र पालकांची संमती लागते.

धाप लागणे, शुद्ध हरपणे, अंगावर लाल ठिपके किंवा थांबत नसलेला रक्तस्राव अशी लक्षणे दिसल्यास यांपैकी कोणत्याही दवाखान्याची वेळ पाहत बसू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना वाटेतूनच कळवावे.