लोड बॅलन्सरला स्टॅटिक आयपी घ्यावा की तात्पुरत्यावर भागवावं? तिन्ही मोठे क्लाउड वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

गेली काही वर्षं गूगल क्लाउड, ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर, तिन्हीकडे लोड बॅलन्सर, म्हणजे येणारं ट्रॅफिक अनेक सर्व्हरवर वाटून देणारी यंत्रणा, सांभाळतोय. टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात विचारतं, आयपी रिझर्व्ह करायचा का, म्हणजे स्टॅटिक, कायमचा आपल्याकडे राहणारा घ्यायचा का, की आपोआप मिळतोय तो चालेल? चालतो हो, महिनोन्महिने चालतो, आणि घोळ तिथेच आहे, कारण इतके दिवस तोच आयपी दिसत राहिला की तो तात्पुरता आहे हे सगळे विसरून जातात.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगतो. कुबरनेटीसमध्ये (कंटेनरमधली ॲप्लिकेशन्स चालवणारी यंत्रणा) लोडबॅलन्सर टाइपची एक सर्व्हिस होती, म्हणजे बाहेरचं ट्रॅफिक आत घेणारं दार, आयपी क्लाउडने आपणहून दिलेला, रिझर्व्ह कुणीच केलेला नव्हता. जवळपास वर्षभर तोच होता. मग एका संध्याकाळी सगळ्या सर्व्हिसेसची नावं एका पद्धतीची करायला घेतली आणि हिचंही नाव बदललं, म्हणजे प्रत्यक्षात जुनी सर्व्हिस डिलीट झाली आणि नवीन तयार झाली. यादी काढून बघतोय तर एक्स्टर्नल आयपीच्या रकान्यात "पेंडिंग", मिनिटभराने आकडे आले पण भलतेच! डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (नावाला आयपी जोडणारी नोंद) जुन्या आयपीचा आणि टीटीएल (ते उत्तर किती सेकंद धरून ठेवायचं तो आकडा) ८६४००, म्हणजे अख्खा एक दिवस, त्यामुळे रेकॉर्ड लगेच बदलला तरी ज्यांच्या रिझॉल्व्हरने (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरने) जुनं उत्तर धरून ठेवलं होतं ते जुन्याच पत्त्यावर जात राहिले. तेही एक वेळ निभावलं असतं. पण एक पार्टनर कंपनी आमच्या एपीआयला कॉल करायची आणि त्यांच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाण्याच्या नियमात आमचा आयपी आकड्यांनी लिहिलेला होता, तो बदलायला त्यांची चेंज रिक्वेस्ट, मग मंजुरी, मग ठरलेली वेळ, यात चार दिवस गेले. चार दिवस त्यांच्याकडून एकही रिक्वेस्ट आली नाही. जुना आयपी परत मिळवायची खटपट करून पाहिली, पण एकदा तो क्लाउडच्या पूलमध्ये गेला की आपला हक्क संपला.

बरं, त्या पूलमधून तो दुसऱ्याच कुणाला तरी मिळू शकतो. तुमचा ए रेकॉर्ड अजून तिकडेच बोट दाखवत असेल तर तुमच्या नावाने येणारे लोक त्या अनोळखी माणसाच्या मशीनवर पोहोचतात, आणि त्याने मनात आणलं तर एचटीटीपी चॅलेंज (डोमेन आपल्याच ताब्यात आहे हे त्या सर्व्हरवरून दाखवायची चाचणी) पास करून तुमच्या डोमेनचं टीएलएस सर्टिफिकेटसुद्धा काढू शकतो. मला तर डाउनटाइमपेक्षा याची जास्त भीती वाटते. आयपी सोडायच्या आधी डीएनएस रेकॉर्ड काढा, हा क्रम कधीही उलटा करू नका.

आता एकेकाचं बघू.

गूगल क्लाउडमधली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे प्रमोट. वापरात असलेला तात्पुरता आयपी आहे तसाच स्टॅटिक करून घेता येतो, आकडा तोच राहतो, ट्रॅफिकला धक्काही लागत नाही. तात्पुरता आयपी तिथे फॉरवर्डिंग रूलला (कुठल्या आयपी-पोर्टवरचं ट्रॅफिक कुठे न्यायचं तो नियम) बांधलेला असतो, म्हणजे बॅकएंड बदला, सर्टिफिकेट बदला, तो हलत नाही, पण रूल डिलीट झाला की आयपी गेला. आणि रूलमधल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ पोर्ट, जागच्या जागी बदलत नाहीत, टेराफॉर्म (कोड लिहून क्लाउडमधल्या गोष्टी उभ्या करायचं टूल) रूल पाडून नवीन बनवतं, त्यामुळे त्याच्या प्लॅनमध्ये रिप्लेस हा शब्द दिसला की थांबा आणि आयपी कुठून येतोय ते बघा. अजून एक, ग्लोबल लोड बॅलन्सरला ग्लोबल ॲड्रेस लागतो आणि रीजनलला त्याच रीजनचा, एकाचा दुसरा करता येत नाही, पहिल्यांदा करताना बरेच जण चुकीच्या प्रकारचा रिझर्व्ह करून बसतात. जीकेईच्या, म्हणजे गूगलच्या तयार कुबरनेटीसच्या, इनग्रेसला (एचटीटीपी ट्रॅफिक आत घेणारे नियम) अॅनोटेशनमध्ये (कॉन्फिगमध्ये जोडलेली जादा टीप) आयपीचा आकडा नाही, रिझर्व्ह केलेल्या ॲड्रेसचं नाव द्यायचं असतं. साध्या सर्व्हिसला पूर्वी लोडबॅलन्सरआयपी हे फील्ड होतं, कुबरनेटीस १.२४ पासून ते डेप्रिकेटेड आहे, म्हणजे नव्याने वापरू नये असं ठरलंय, म्हणून नवीन काम असेल तर ज्या त्या क्लाउडचं अॅनोटेशनच वापरा.

एडब्ल्यूएसवर विचारच वेगळा करावा लागतो. तिथल्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरला स्टॅटिक आयपी देताच येत नाही, मिळतं ते डीएनएस नाव, आणि लोडप्रमाणे तो लहानमोठा होताना मागचे आयपी बदलत राहतात. त्या नावाचा टीटीएल ६० सेकंद असतो, म्हणजे ब्राउझरवाल्यांना काही जाणवत नाही. मूळ डोमेनवर सीनेम (एका नावाला दुसरं नाव जोडणारी नोंद) चालत नाही, पण रूट ५३ मध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या डीएनएस सेवेत, एलियस रेकॉर्ड टाकला की तोही प्रश्न मिटतो. मला ही रचना मनापासून पटते, कारण इथे आयपी लिहून ठेवायची सवयच लागत नाही. फक्त समोरचा क्लायंट नाव परत परत रिझॉल्व्ह करणारा हवा. ओपन सोर्स एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सी पासला (रिक्वेस्ट पुढे कुठे पाठवायची ते सेटिंग) थेट नाव दिलं तर तो सुरू होतानाच एकदा आयपी शोधतो आणि रीलोड करेपर्यंत तोच धरून बसतो, मग मागचे आयपी बदलले की एक दिवस अचानक टाइमआउट सुरू होतात आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

तिथे स्टॅटिकच पाहिजे असेल तर नेटवर्क लोड बॅलन्सर घ्या, दर अव्हेलेबिलिटी झोनला (रीजनमधला डेटा सेंटरचा स्वतंत्र गट) एक इलॅस्टिक आयपी, म्हणजे एडब्ल्यूएसचा स्टॅटिक आयपी, जोडता येतो, तो बनवतानाच जोडून टाका. एचटीटीपीचं राउटिंगही हवं असेल तर त्याच्या मागे ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर टार्गेट म्हणून लावता येतो, ही सोय २०२१ मध्ये आली. इलॅस्टिक आयपीचा कोटा मुळात रीजनला ५ असतो, तीन झोन आणि दोन लोड बॅलन्सर म्हटले की ६ लागतात, तेव्हा कोटा आधीच वाढवून घ्या. नाहीतर ग्लोबल ॲक्सिलरेटर आहे, तो दोन स्टॅटिक ॲनीकास्ट (एकच आयपी अनेक ठिकाणांहून चालणारे) आयपी देतो आणि मागचं काहीही बदललं तरी ते दोन तसेच राहतात. खर्चाचं म्हणाल तर १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ चे पैसे घेतं, वापरात असो वा पडून असो, म्हणजे वापरातला इलॅस्टिक आयपी महाग पडेल म्हणून टाळण्यात आता काही अर्थ राहिला नाही.

अझ्युअरवर हा प्रश्न जवळपास संपलाच आहे. स्टँडर्ड एसकेयूचा (प्रकारचा) पब्लिक आयपी स्टॅटिकच असतो, आणि ज्या बेसिकमध्ये डायनॅमिक मिळायचा तो ३० सप्टेंबर २०२५ ला रिटायर झाला. पब्लिक आयपी हा तिथे वेगळा रिसोर्स असल्यामुळे लोड बॅलन्सर उडवला तरी तो मागे उरतो, त्यावर डिलीट लॉक टाकून ठेवा.

एक गोंधळ मात्र तिन्हीकडे सारखाच बघितलाय. समोरचा म्हणतो तुमचा आयपी द्या, व्हाइटलिस्ट करतो, आणि आपण लोड बॅलन्सरचा देऊन मोकळे होतो. ते आपल्याकडे येणार असतील तर बरोबर आहे. पण आपण त्यांच्याकडे कॉल करणार असू तर आपलं ट्रॅफिक बहुतेक ठिकाणी नॅटच्या (आतल्या मशीनचं ट्रॅफिक एका सामायिक आयपीवरून बाहेर काढणारी सोय) आयपीवरून बाहेर पडतं, लोड बॅलन्सरच्या नाही, म्हणजे स्टॅटिक तो करायला हवा. कोण कोणाला कॉल करतंय हे आधी विचारा.

माझं मत सरळ आहे. तुमचा आयपी तुमच्या टीमबाहेर कुणीही कुठेही लिहिलेला असेल, पार्टनरची फायरवॉल, क्लायंटचा डीएनएस, एखाद्या डिव्हाइसचं फर्मवेअर, तर पहिल्या दिवशीच स्टॅटिक घ्या. टेस्टिंगच्या, दोन दिवसांत पाडायच्या एन्व्हायर्नमेंटला तात्पुरताच ठेवा, तिथे रिझर्व्ह केलेले आयपी पडून राहतात, आणि गूगलवर तर पडून असलेल्याचा दर वापरातल्यापेक्षा जास्त आहे.

त्या घोळानंतर आम्ही रिझर्व्ह केलेला ॲड्रेस आता टेराफॉर्ममध्ये सर्व्हिसपासून वेगळ्या फाइलमध्ये आहे, प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (टेराफॉर्मला तो पाडू न देणारं सेटिंग) लावलेला, टीटीएल ३००. मागच्या महिन्यात अख्खा क्लस्टर पाडून नवीन उभा केला. रकान्यात पुन्हा "पेंडिंग" आलं, आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे, आणि मिनिटभराने तेच जुने आकडे दिसले.