पहिलीचा वर्ग, आठ महिन्यांनंतर: भिंती पाहून दिलेले गुण परत घेते

मुलगा पहिलीत गेल्यावर पंधरा दिवसांतच मी त्याच्या वर्गाला मनातल्या मनात पाचपैकी साडेचार तारे देऊन टाकले होते. भिंतींवर तसूभर जागा मोकळी नव्हती, वर्ग शांत होता, गृहपाठ रोज येत होता. कापलेला अर्धा तारा एकाच गोष्टीचा: बाई वहीतल्या सगळ्या चुका दुरुस्त करत नव्हत्या. आज आठ महिन्यांनी मी चार तारे देते आहे. म्हणजे फार काही बदललं नाही असं वाटेल, पण तेव्हा ज्यासाठी गुण दिले आणि ज्यासाठी कापले, त्याची आता पूर्ण अदलाबदल झाली आहे.

आधी वहीबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. दुसऱ्याच महिन्यात त्याने लिहिलं होतं, 'काल मि मांजर पाहीलि. ती फलीवर झोपलि होति.' माझ्या हिशेबाने पाच शब्द चुकलेले. बाईंनी पेन्सिलीने खूण केली होती फक्त 'फली'च्या 'ली'खाली. खाली शेरा, 'मांजर उठल्यावर कुठे गेली?' मी वैतागले. रबर घेऊन बसले आणि त्याच्याकडून सगळ्या वेलांट्या सुधारून घेतल्या. असं साधारण तीन आठवडे चाललं. मग एके दिवशी वहीत दिसलं, 'मी घर पाहिले. मी झाड पाहिले. मी ढग पाहिले.' शुद्धलेखनाला बोट ठेवायला जागा नाही, आणि वाचायलाही काही नाही. पोरगं हुशार निघालं: जे लिहिताना चुकेल ते लिहायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

बाईंना विचारलं तेव्हा कळलं, त्या आठवड्यात वर्गात 'ल' आणि 'ळ' चालू होतं, म्हणून खूण तेवढ्यालाच. ऱ्हस्व-दीर्घाची पाळी नंतर येणार होती. म्हणजे चुका सुटत नव्हत्या, त्यांना रांगेत उभं केलं होतं. मी रबर ठेवून दिला. आता तो आठ-दहा ओळी लिहितो, त्यात चुका भरपूर असतात, पण मागच्या महिन्यात शिकवलेली चूक सहसा नसते. वही पारखायची तर माझ्या मते हे बघावं: दोन महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवायचं. एकटं पान काही सांगत नाही.

वर्गात मागे बसून बघायची संधी मला एकदाच मिळाली, अर्ध्या तासाची. बसल्या बसल्या पहिली दहा मिनिटं मीच भिंतीवरचे तक्ते वाचत होते! प्राणी, वाहनं, ऋतू, वाढदिवस, काय काय. मोठ्या माणसाची ही गत, तर सहा वर्षांच्या पोरांचं काय होत असेल? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बालवाडीतल्या 24 मुलांना कधी भरगच्च सजवलेल्या, तर कधी साध्या भिंतींच्या खोलीत शिकवलं गेलं. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि ती शिकलीही कमी. मुलं अवघी 24, तेव्हा यावरून शाळा बदलायला जाऊ नये, पण सजावटीला मी दिलेला अख्खा तारा मात्र गेला.

उरलेली वीस मिनिटं मी मनात सेकंद मोजले. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आमच्या बाई गोष्ट वाचताना थांबल्या, 'मांजर परत का आली असेल?' असं विचारून. मी चारपर्यंत मोजलं. वर्गात चुळबुळ झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी अडखळत म्हणाली, 'तिची पिल्लं राहिली असतील.' गोष्टीत पिल्लं नव्हतीच. बाई म्हणाल्या, 'तुला कशावरून वाटलं?' माझ्या चारपैकी निदान दोन तारे या एका प्रश्नाचे आहेत.

गणिताला मात्र याच बाई वेगळ्याच वाटल्या. 'आठ आणि पाच?' 'तेरा!' 'बरोबर. पुढे.' सेकंदभरसुद्धा थांबणं नाही, आणि उत्तर देणारी तीच तीन पोरं. तेरा कसे आले, हे कोणालाच विचारलं नाही. माझा मुलगा घरी सांगतो, 'आठला दोन दिले की दहा, मग तीन उरतात.' हे वर्गात एकाने जरी बोलून दाखवलं असतं तरी बाकाखाली बोटं लपवून मोजणाऱ्यांना काही हाती लागलं असतं. पालकसभेत मी हे जपून बोलले. बाईंनी कबूल केलं, शिवाय म्हणाल्या, 'एकतीस मुलं आहेत, सगळ्यांची रीत ऐकत बसले तर तास संपतो.' ते खोटं नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून बालवाडी ते तिसरीपर्यंत मोठा प्रयोग झाला होता. 13 ते 17 मुलांच्या वर्गांतली मुलं 22 ते 25 मुलांच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा पुढे राहिली. आमचा वर्ग तर त्या मोठ्या वर्गांहूनही मोठा. म्हणून गणितासाठी तारा कापला आहे, पण तो एकट्या बाईंच्या नावावर टाकणार नाही.

व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेली वर्ग पारखण्याची एक पद्धत आहे. तीत तीन बाजूंना 1 ते 7 गुण देतात: मुलांना मिळणारी माया, वर्गाची शिस्त-घडी आणि प्रत्यक्ष शिकवण्यातून विचाराला मिळणारी चालना. बऱ्याच पाहण्यांत तिसरी बाजूच सगळ्यात कमी पडते. माझे सुरुवातीचे साडेचार तारे पहिल्या दोन बाजू पाहून दिलेले होते. प्रेमळ बाई आणि शांत वर्ग, झालं! (शांततेबद्दल आता माझं मत असं की ती कधी आहे आणि कधी मोडते ते बघावं. मांजरीच्या प्रश्नानंतरची चुळबुळ मला हवी आहे.)

गृहपाठावर फार लिहीत नाही. या वयात त्याचा आणि प्रगतीचा संबंध फारच क्षीण असल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. तो कमी करा म्हटलं तर इतर पालकच नाराज होतात.

'आज काय शिकलास?' याला 'काही नाही' हेच उत्तर येतं, सगळ्यांच्याच घरी येत असावं. मी आता विचारते, 'आज कोण चुकलं? मग बाई काय म्हणाल्या?' यावर तो दहा मिनिटं बोलतो. याहून भरवशाचं म्हणजे त्याचं शाळा-शाळा खेळणं. समोर कापडी हत्ती आणि दोन गाड्या बसवलेल्या असतात. काल वाचनाचा तास होता. तो हत्तीला म्हणाला, 'चुकलं तरी वाच, मी थांबतो,' आणि खरंच थांबला. मग गणित सुरू झालं. हातातली पट्टी गाडीवर आपटत तो म्हणाला, 'पटकन सांग, पटकन! पुढे!' पुढच्या पालकसभेत काय बोलायचं ते मला कळलं आहे.