कॉन्फिगपार्सर: सामायिक आणि स्थानिक सेटिंग्जसाठी भरवशाचे साधन

पुण्यात कोथरूड, हडपसर आणि पिंपरी येथून एकाच गिट रिपॉझिटरीवर (म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या सामायिक कोडसंग्रहावर) काम करणाऱ्या आमच्या गटाच्या पायथन स्क्रिप्टना दोन प्रकारच्या सेटिंग्ज लागतात: अहवालाचे स्वरूप किंवा टाइमआउट यांसारख्या सर्वांना समान असणाऱ्या, आणि फोल्डरचा मार्ग किंवा डेटाबेसचा पासवर्ड यांसारख्या ज्याच्या त्याच्या संगणकापुरत्या. यासाठी आम्ही पायथनसोबतच मिळणारे, सेटिंग्जच्या साध्या मजकूर फाइली वाचणारे कॉन्फिगपार्सर हे मॉड्यूल वापरतो, आणि लहान स्क्रिप्टसाठी मी त्याचीच मनापासून शिफारस करेन.

त्यात एकापाठोपाठ एक फाइली वाचल्या की नंतरच्या फाइलीतील मूल्य आधीच्या मूल्याची जागा घेते, परंतु ज्या सेटिंगचा नंतरच्या फाइलीत उल्लेखच नाही ती आहे तशीच राहते. त्यामुळे सामायिक फाइल गिटमध्ये ठेवावी, स्थानिक फाइलीचे नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घालावे आणि तिच्यात केवळ वेगळ्या असलेल्या दोन-चार ओळी लिहाव्यात, एवढ्यावर काम भागते. मात्र 'रीड' हे फंक्शन न सापडलेली फाइल मुकाट्याने वगळते. स्थानिक फाइल प्रत्येकाकडे असेलच असे नाही, म्हणून तिच्यासाठी हे वर्तन अगदी योग्य आहे. सामायिक फाइल मात्र स्वतः उघडून 'रीड_फाइल'कडे सोपवावी, म्हणजे ती जागेवर नसेल तर स्क्रिप्ट अर्धवट सेटिंग्जवर पुढे न जाता तिथेच थांबते. दोन्ही वेळी यूटीएफ-८ एन्कोडिंग स्पष्ट नमूद करावे; सेटिंग्जमध्ये मराठी मजकूर असेल तर विंडोजवर ते अत्यावश्यकच आहे.

उणिवाही आहेत. प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच हाती येते, त्यामुळे 'फॉल्स' असे लिहिलेले मूल्य थेट 'इफ'मध्ये तपासले तर ते खरे ठरते; तेथे 'गेटबूलियन' वापरावे. पासवर्डमध्ये टक्क्याचे चिन्ह असले की ते मूल्य घेताना बहुधा त्रुटी येते, कारण हे मॉड्यूल त्या चिन्हाला विशेष अर्थ देते; पार्सर तयार करतानाच इंटरपोलेशन (एका मूल्यात दुसऱ्या सेटिंगचे मूल्य भरण्याची ही सोय) बंद केल्यास हा प्रश्न मिटतो.

पायथन ३.११ पासून टॉमल (सेटिंग्ज लिहिण्याचे आणखी एक स्वरूप) फाइली वाचणारे टॉमललिब हे मॉड्यूलही सोबत मिळते. त्यात संख्या, याद्या आणि खरे-खोटे हे प्रकार जसेच्या तसे हाती येतात, परंतु दोन फाइली एकमेकींवर बसवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही फाइलींतून मिळालेल्या डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचे संच) नुसत्या एकत्र केल्या तर स्थानिक फाइलीतील एका ओळीपायी सामायिक फाइलीतील तो संपूर्ण विभागच नाहीसा होतो. सेटिंग्जमध्ये याद्या येऊ लागल्या तर हे जोडकाम स्वीकारून टॉमलकडे वळावे. तोवर कॉन्फिगपार्सर पुरते.