आर्किऑलॉजिस्ट कॅरेक्टर करताय? रोग की लोर बार्ड

पडक्या थडग्यांत उतरणारा, भिंतींवरचं कोरीवकाम बघत तासभर थांबणारा आर्किऑलॉजिस्ट खेळायचा असं एकदा ठरलं, की डी अँड डी या टेबलवर बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या फिफ्थ एडिशनमध्ये गाडी बहुतेक दोनच क्लासवर येऊन थांबते, रोग (चपळ, चोर वळणाचा) किंवा लोर बार्ड (जादू येणारा, बहुश्रुत गवई). मी दोन्ही खेळलोय, दोन्ही मोठ्या कॅम्पेनमध्ये, त्यामुळे जे लिहितोय ते टेबलवरच्या अनुभवातून आहे. नियम २०१४ चे धरलेत.

बॅकग्राउंडवर, म्हणजे कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यावर, फार वेळ घालवू नका. २०१७ च्या टूम ऑफ अनायहिलेशन या साहसाच्या पुस्तकातला आर्किऑलॉजिस्ट घ्या, हिस्टरी आणि सर्व्हायव्हल ही स्किल्स मिळतात, सोबत कंदील, कुदळ, फावडं, तंबू आणि एखाद्या अवशेषाचा नकाशा. त्याचं फीचर मला फार आवडतं, कुठल्याही जुन्या वास्तूत शिरलात की ती मुळात कशासाठी होती आणि कोणी बांधली हे तुम्हाला बरोबर कळतं. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये जी १६ बॅकग्राउंड्स आहेत त्यात हे नाही, पण डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून घेता येतं.

आता बार्ड. कागदावर बघाल तर बार्डच जिंकतो, हे मोकळेपणाने सांगतो. कुठलीही ३ स्किल्स पहिल्याच लेव्हलला, दुसरीला जॅक ऑफ ऑल ट्रेड्स (न शिकलेल्या स्किललाही थोडा बोनस), तिसऱ्याला एक्स्पर्टीज (निवडक स्किल्सचा बोनस दुप्पट) आणि लोर कॉलेजची आणखी ३ स्किल्स, म्हणजे टेबलवर डीएमने काहीही विचारलं तरी तुमच्याकडे थोडंफार असतंच. शिवाय डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस (कुठलीही भाषा समजणं) हे सगळे स्पेल रिच्युअल म्हणून, जास्त वेळ घेऊन, करता येतात, स्लॉट (जादूच्या मोजक्या खेपा) खर्च होत नाही. आणि बोलणं! मोहिमेला पैसा देणारा शेठ, टूम ऑफ अनायहिलेशनमधल्या पोर्ट न्यान्झारू शहराचे ते ७ मर्चंट प्रिन्स, परवानगी अडवून बसलेला सरदार, ही सगळी कामं बार्ड असा करतो की बाकीच्यांनी नुसतं बघत बसावं. तुमच्या टेबलवर निम्मा वेळ अशा वाटाघाटींत जात असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, बार्ड घ्या.

रोगचं गणित जरा वेगळं आहे. बार्डला करिष्मा हवा, मग डेक्स (चपळाई), मग उरलं तर इंटेलिजन्स (इंट), आणि आर्किऑलॉजिस्टची खरी स्किल्स तर इंटवरच चालतात, हिस्टरी आणि इन्व्हेस्टिगेशन. रोगला डेक्स झाला की दुसरा स्टॅट मोकळा, तो सरळ इंटला टाकता येतो. एक्स्पर्टीजही पहिल्याच लेव्हलला मिळते. इंट १६ धरला तर पहिल्या लेव्हलचा रोग हिस्टरीला २० बाजूंच्या फाशावर +७ टाकतो, तेवढाच इंट असलेला विझार्ड +५. आठव्या लेव्हलला विझार्डने इंट २० केला तरी तो +८ वर आणि रोग इंट न वाढवता +९ वर. अकराव्याला रिलायेबल टॅलेंट आलं की ९ किंवा कमी पडलेला फासा १० धरायचा, म्हणजे हिस्टरी आणि इन्व्हेस्टिगेशनमध्ये २१ च्या खाली तुम्ही जातच नाही. सापळ्यांचं तर बोलायलाच नको, सातव्या लेव्हलची इव्हेजन आली की छतातून आग येवो नाहीतर ॲसिड, डेक्स सेव्ह (चपळाईने वाचण्याचा फासा) जमला तर काही लागत नाही.

पण खरं सांगू का, माझा निर्णय या आकड्यांवर झाला नाही. झाला तो कॉम्प्रिहेंड लँग्वेजेसवर.

स्पेल वाईट नाहीये, उलट फारच चांगला आहे आणि तोच त्रास आहे. दगडाला हात लावा, रिच्युअल म्हणून केला तर १० मिनिटं जास्त थांबा, पुढचा तासभर जे हाताखाली येईल ते पानामागे साधारण मिनिटभरात कळतं. माझ्या बार्डवाल्या कॅम्पेनमध्ये डीएम मेहनती होता, घरी बसून लिपी काढायचा, पिवळट कागदावर छापून आणायचा, कडा जाळायचा. तो कागद टेबलवर आला की दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणायचं "रिच्युअल कर ना", मी करायचो, डीएम मजकूर वाचून दाखवायचा आणि कागद परत फाइलमध्ये. कोणी त्या अक्षरांकडे नीट बघितलंसुद्धा नाही. दर वेळी हेच. पुढे लेजंड लोर हा स्पेल आला तेव्हा तर थडग्यात न जाताच थडग्याची गोष्ट कळायला लागली, २५० गोल्डचा धूप जाळला की झालं.

याच्या उलट रोगसोबत काय झालं ते सांगतो. बुटक्या ड्वार्फांनी बांधलेलं एक कोठार होतं, बॅकग्राउंडच्या फीचरमुळे ते आत शिरताच कळलं. आत एका भिंतीवर ड्वार्फी अक्षरं. माझ्या रोगला ड्वार्विश येत होती, मी वाचायला गेलो तर अक्षरं ओळखीची आणि अर्थ शून्य. फिफ्थ एडिशनमध्ये ड्वार्फी लिपी जायंट, नोमिश, गॉब्लिन, ऑर्क आणि प्रायमॉर्डियल भाषांनाही वापरतात, म्हणजे बांधणारे ड्वार्फ, पण लिहिणारे दुसरेच कोणीतरी. मग प्रश्न सुरू झाले. लेख जमिनीपासून किती उंच? डीएम म्हणाला ड्वार्फाने शिडी लावली तरी जेमतेम. मग नोम आणि गॉब्लिन, तेही बुटकेच, बाद. छिन्नीच्या खुणा जुन्या नक्षीवरून गेल्यात का? गेल्यात. दरवाजा रुंद केलाय का? कडेचा दगड ताजा तोडलेला दिसतोय. सगळं टेबल पुढे झुकून बसलं होतं, आमचा बार्बेरियनसुद्धा पायऱ्यांची झीज विचारत होता, आणि जायंट हे उत्तर आम्ही अर्थ कळायच्या कितीतरी आधी काढलं. बार्ड असता तर अर्थ सरळ कळला असता, लिपी एकाची आणि भाषा दुसऱ्याची आहे हे मात्र कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

मला वाटतं आर्किऑलॉजी म्हणजे हेच. आपल्याकडचं इनामगाव घ्या, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने खणलेलं ताम्रपाषाणयुगातलं गाव. तिथे वाचायला एक अक्षर नाही, तरी घरांच्या जमिनी, भांडी, धान्य, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं, एवढ्यावरून त्या माणसांबद्दल केवढं कळलं. असं काम करणारं कॅरेक्टर मला खेळायचंय, आणि ते रोगमध्ये जास्त जमतं असं माझं मत.

कोणी म्हणेल मग बार्डने तो स्पेल घेऊ नये. करून बघा, पण पार्टी अडकली की सगळे तुमच्याकडे बघणार आणि चुकीचंही नाही त्यांचं. दुसरी अडचण खरी आहे, पार्टीतल्या विझार्ड किंवा वॉरलॉकने तो घेतला तर रोगचाही फायदा जातो, म्हणून सेशन झिरोलाच (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) बोलून घ्या. आयडेंटिफाय नसल्याचं मात्र मला कधी काही वाटलं नाही, वस्तू हातात धरून एक शॉर्ट रेस्ट काढली तर तिचे गुण तसेही कळतात.

विझार्ड थोडक्यात: इंट भरपूर, पण कुलूप समोर आलं की नॉक हा कुलूप उघडणारा स्पेल टाकणार आणि तो आवाज ३०० फुटांपर्यंत जाणार, थडग्यात हे परवडत नाही. आणि तुमचा ग्रुप पाथफाइंडर या दुसऱ्या गेमची पहिली एडिशन खेळत असेल तर तिथे बार्डचाच आर्किऑलॉजिस्ट नावाचा आर्केटाइप आहे, बार्डिक परफॉर्मन्सऐवजी स्वतःपुरतं लक मिळतं आणि सापळ्यांचं कामही येतं, तिथे मी दुसरं काही बघणार नाही.

रोगमध्ये सबक्लास (क्लासची शाखा) कुठला यावर मी फार ठाम नाही. इन्क्विझिटिव्हचं आय फॉर डिटेल (बोनस ॲक्शनमध्ये झटपट शोध घेणं) नावाला शोभतं, पण लढाईबाहेर बोनस ॲक्शनला किंमत कमीच. थीफ चढण्या-उड्या मारण्यात मजा देतो आणि तेराव्या लेव्हलला जादूच्या वस्तू क्लासची अट न बघता वापरू देतो, माझा कल तिकडे. इंट वाया जातोय असं वाटणाऱ्यांनी आर्केन ट्रिकस्टर बघावा, अदृश्य मेज हँडने (जादूच्या हाताने) ३० फुटांवरून सापळा काढता येतो.

स्टँडर्ड ॲरेने (स्टॅट्सच्या ठरलेल्या सहा आकड्यांनी) करायचा तर व्हेरियंट ह्युमन, डेक्स १५ चा १६, इंट १४ चा १५, आणि फीट (जादा मिळणारी खासियत) लिंग्विस्ट, त्याने इंट १६ होतो आणि ३ भाषा मिळतात. कॉन १३, विझ्डम १२, करिष्मा १०, स्ट्रेंग्थ ८. एक्स्पर्टीज हिस्टरी आणि इन्व्हेस्टिगेशनला. भाषांमध्ये ड्वार्विश नक्की घ्या आणि जायंट मुद्दाम सोडा. चौथ्या लेव्हलला स्टॅट वाढवण्याऐवजी डंजन डेल्व्हर घेतलात तर छुपे दरवाजे शोधताना ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतं, सापळ्यांविरुद्धच्या सेव्हलाही.