जेट इंजिनाची भन्नाट मोटार: तयार किट, दोन किटांचे जोडकाम की स्वतः घडवलेले इंजिन?

सुटे भाग जोडून मॉडेल करायच्या प्लॅस्टिकच्या किटमधून एखादी गमतीदार, मागच्या काचेतून जेट इंजिनाचे तोंड बाहेर काढलेली मोटार करायची ठरली, की बहुतेक जण आधी गाडी निवडतात आणि मग तिच्यात काय बसेल ते पाहतात. माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. इंजिन कोठून मिळवायचे हे आधी ठरवावे, कारण त्याची लांबी आणि जाडी हाती आली की गाडी कोणती, कापायचे किती, वजन कोठे घालायचे आणि रंगकामाला किती वेळ द्यायचा, हे सारे ओघाने ठरत जाते. शिवाय अशा मॉडेलमधली गंमत खुलते ती त्याच्या खरेपणामुळे: हवा कोठून आत शिरते, इंधन कोठे भरले आहे आणि झोत कोठून बाहेर पडतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मॉडेलकडे पाहताच मिळाली, तर चालकाच्या डोक्यामागचे जेट इंजिन पाहून मनापासून हसू येते, ती मिळाली नाहीत, तर गाडीला नुसते नळकांडे चिकटवल्यासारखे दिसते.

इंजिन मिळवण्याच्या वाटा तीन आहेत. मुळातच विनोदी घडणीचे तयार किट घ्यावे, साध्या मोटारीच्या किटमध्ये विमानाच्या किटमधले इंजिन बसवावे, किंवा इंजिन नळ्या, पत्रे आणि त्रिमितीय छपाईच्या भागांतून स्वतः उभे करावे.

पहिल्या वाटेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण ती कमी लेखण्यासारखीही नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात एड रॉथ यांच्या अचाट गाड्यांची आणि ‘रॅट फिंक’ या उंदराची किट रेव्हेल या कंपनीने काढली. १९६८ मध्ये मोनोग्राम या दुसऱ्या कंपनीने टॉम डॅनियल यांच्या कल्पनेतली ‘रेड बॅरन’ ही गाडी आणली, जिचे छत म्हणजे एक भलेमोठे जर्मन शिरस्त्राण आहे आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळातले मर्सिडीजचे विमानाचे इंजिन आहे. विमानाचे इंजिन मोटारीला लावून हसवण्याची परंपरा अशी जुनी आहे. या किटांचे आकार विचारपूर्वक काढलेले असल्यामुळे भाग नीट जुळतात आणि नवख्या माणसाचेही काम तडीस जाते. अडचण एवढीच, की विनोद दुसऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. अशा किटवर आणखी एक जेट इंजिन चढवले की दोन गमती एकमेकींच्या आड येतात आणि नजर कोठेच ठरत नाही. ज्यांना पहिल्यांदाच किट जोडायचे आहे आणि रंगकामावर हात बसवायचा आहे, त्यांनी ही वाट घ्यावी. स्वतःची कल्पना उतरवायची असेल, तर पुढच्या दोन वाटांचा विचार करावा.

दुसरी वाट मला सर्वांत जवळची वाटते. तिच्यात सारा खेळ स्केलचा, म्हणजे मॉडेल खऱ्या वस्तूच्या किती पट लहान आहे याचा आहे (१/२४ म्हणजे चोविसावा भाग), म्हणून थोडा हिशेब मांडतो. लॉकहीड एफ-१०४ आणि फँटम या लढाऊ विमानांत असलेले जनरल इलेक्ट्रिकचे जे-७९ इंजिन प्रत्यक्षात सुमारे ५.३ मीटर लांब आणि एक मीटरच्या आसपास व्यासाचे आहे. जुनी फोक्सवॅगन बीटल ४.०८ मीटर लांब आणि १.५४ मीटर रुंद. म्हणजे १/२४ स्केलमध्ये १७० मिमी लांब आणि ६४ मिमी रुंद. त्याच स्केलचे जे-७९ मात्र २२१ मिमी भरते, गाडीपेक्षा तब्बल पाच सेंटिमीटर लांब. ते गाडीच्या आत बसणे शक्यच नाही. गाडीच इंजिनावर बसवावी लागेल. आता तेच इंजिन १/४८ स्केलचे घेतले, तर ते ११० मिमी लांब आणि २० मिमी जाड येते. १/२४ च्या गाडीत ठेवल्यावर ते अर्ध्या मीटर व्यासाच्या इंजिनासारखे दिसते, आणि योगायोग असा, की अमेरिकेतल्या एका यांत्रिकी अभियंत्याने न्यू बीटलमध्ये प्रत्यक्ष बसवलेले टी-५८ हे हेलिकॉप्टरचे इंजिनही साधारण तेवढ्याच जाडीचे आहे. म्हणूनच १/४८ चे इंजिन बीटलमध्ये डोळ्यांना खटकत नाही: गाडीला ते जड होते हे दिसते, पण कोणीतरी हट्टाने ते बसवले असेल यावर विश्वास बसतो.

१/७२ चे इंजिन ७४ मिमी लांब आणि १४ मिमीहून किंचित कमी जाड असते. एकटे ते बिचारे दिसते. जोडीने मात्र शोभते, विशेषतः पिकअपच्या हौद्यात. १/३२ चे इंजिन १६६ मिमी, म्हणजे जवळजवळ बीटलच्या लांबीचे. ते घेणाऱ्याने लांब बॉनेटची अमेरिकन गाडी किंवा ट्रक पाहावा. प्रवासी विमानांच्या १/१४४ किटमधले इंजिनही वाया घालवू नये: एअरबस ए-३२० च्या सीएफएम-५६ चा पुढचा पंखा १.७३ मीटर व्यासाचा, तो या स्केलमध्ये १२ मिमी होतो, आणि अशी दोन इंजिने मागच्या मडगार्डांवर एकेक बसवली की छोटी गाडी उड्डाणाच्या तयारीत असल्यासारखी दिसते.

येथे एक इशारा द्यायला हवा. विमानाच्या किटमध्ये पूर्ण इंजिन असेलच असे नाही. बहुतेक लढाऊ विमानांच्या किटमध्ये पुढे कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंख्याच्या, पात्यांची एक चकती आणि मागे नॉझल, म्हणजे झोत बाहेर पडण्याचे तोंड, एवढेच दिलेले असते, कारण मधले सारे विमानाच्या पोटात झाकले जाते. खरेदीपूर्वी जोडणीच्या पुस्तिकेतले स्प्रूचे, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, चित्र पाहून घ्यावे. ते पाहण्याची सोय नसेल, तर ज्या विमानांची इंजिने शरीराबाहेर वेगळ्या कवचात टांगलेली असतात, अशी विमाने निवडावीत. ए-१० हे त्याचे उत्तम उदाहरण: शेपटीजवळच्या दोन्ही इंजिनांची कवचे तोंडापासून नॉझलपर्यंत पूर्ण असतात, ती अलगद उचलून मोटारीवर ठेवता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ च्या पंखाखालच्या कवचांचेही तसेच. त्यांत नळ्या आणि तारांचे जंजाळ दिसत नाही हे खरे, पण पहिल्या जोडकामाला तो मोठा दिलासा असतो.

तिसरी वाट चिकाटीची आहे. इंजिन स्वतः घडवताना स्केलचे बंधन सुटते आणि गाडीला हवे तेवढेच इंजिन करता येते. त्रिमितीय छपाईचे यंत्र हाताशी असेल, तर रेझिनची छपाई पातळ पाती आणि नॉझलच्या पाकळ्या फार सुरेख काढते. प्लॅस्टिकचा तंतू वितळवून केलेल्या छपाईवर थरांच्या रेघा उरतात आणि त्या भरण्यासाठी प्रायमर आणि पॉलिश पेपरचे तीन-चार हात द्यावे लागतात. न सुकलेले रेझिन त्वचेला बाधते, म्हणून हातमोजे हवेतच, आणि सुकलेले रेझिन घासताना धूळ उडू नये म्हणून पाणी लावून घासावे. छपाई नको असेल, तर नळ्या आहेतच: जाडीने ४० मिमीचा पीव्हीसी पाइप १/२४ च्या जे-७९ ला जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि बारीक इंजिनासाठी बॉलपेनची नळी, औषधाच्या बाटलीचे झाकण, स्टायरीनच्या (किटच्याच प्लॅस्टिकच्या) तयार नळ्या चालतात. किट जोडायचा पातळ सिमेंट स्टायरीन विरघळवून सांधतो. पीव्हीसी, रेझिन आणि धातूसाठी तो भरवशाचा नाही, तेथे इपॉक्सी किंवा सुपरग्लू लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत हा फरक फार मोलाचा आहे: विमानाच्या किटमधले प्लॅस्टिक आणि मोटारीचे प्लॅस्टिक एकाच जातीचे असल्यामुळे सांधा एकजीव होतो, तर पाइपाचा सांधा कायम नाजूक राहतो.

पाइपाच्या वजनाचा फटका मला बसलेला आहे. बीटलच्या छतावर आडवे ठेवण्यासाठी २२० मिमी लांबीचा पीव्हीसी पाइप कापून मी त्याचे इंजिन केले होते. दोन मिमी जाडीच्या भिंतीचा तेवढा पाइप ७० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि अख्खी प्लॅस्टिकची गाडी त्याहून फार जड नसते. रंग, तारा, नॉझल सगळे झाल्यावर गाडी टेबलावर ठेवली आणि तिने पुढची चाके उचलून बूड टेकले. तरफेचा साधा नियम आहे: बीटलच्या दोन्ही आसांमधले अंतर या स्केलमध्ये १०० मिमी, मागच्या आसाच्या ५० मिमी मागे २० ग्रॅम वजन आले, तर पुढच्या आसावर निदान १० ग्रॅम हवेत. गाडीचे स्वतःचे वजन मदतीला असते, पण त्याच्या भरवशावर राहू नये. तेव्हापासून मी गाडीचे तळ बंद करण्यापूर्वी बॉनेटखाली शिशाचे तुकडे घालतो, तेही इपॉक्सीने. पांढऱ्या गोंदात बंदिस्त राहिलेले शिसे कालांतराने गंजते आणि फुगून प्लॅस्टिक फोडते. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.

आता गाडीची निवड. बीटल, पिकअप आणि लांब हॉट रॉड या तिघींत मी बीटलला कौल देतो, आणि टॅमिया या जपानी कंपनीची १/२४ ची १९६६ ची बीटल १३०० त्यासाठी उत्तम पाया आहे. गोलमटोल, निरागस चेहऱ्याच्या गाडीत राक्षसी इंजिन घातले की विरोध आपोआप उभा राहतो. शिवाय मूळ गाडीचेही इंजिन मागेच असल्यामुळे झोत मागून निघणे स्वाभाविक वाटते. पिकअपमध्ये कापकाम जवळजवळ नाही, हौदा मोकळाच असतो, त्यामुळे करवत हाती घ्यायला बिचकणाऱ्याने तोच घ्यावा. ट्रकची बाजू घेणाऱ्यांपाशी खरा दाखलाही आहे: अमेरिकेतल्या ‘शॉकवेव्ह’ या पीटरबिल्ट ट्रकला वेस्टिंगहाउसची तीन जे-३४ इंजिने लावलेली होती. हॉट रॉड दिसते देखणी, पण गमतीदार क्वचितच होते, कारण ती मुळातच वेगाची गाडी आहे. तिला जेट लावणे म्हणजे पैलवानाला आणखी खुराक देणे. आर्ट आरफन्स यांच्या ‘ग्रीन मॉन्स्टर’ने जे-७९ च्या बळावर १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी सुमारे ९२८ किलोमीटरचा विक्रम केला, त्या गाडीकडे पाहून छाती दडपते, हसू येत नाही. तसे भारदस्त मॉडेल करायचे असेल, तर हॉट रॉड जरूर घ्यावी. अमेरिकन किट बहुधा १/२५ ची आणि जपानी १/२४ ची असतात. चाके किंवा चालकाची आकृती एकातून दुसऱ्यात नेताना चार टक्क्यांचा हा फरक डोळ्यांना कळत नाही.

रंगकामात तिन्ही वाटा समान आहेत, पण मॉडेलचे भाग्य बव्हंशी येथेच ठरते. तापलेल्या पोलादावर रंगांचे पट्टे ठराविक क्रमाने उमटतात: साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिका पेंढ्याचा पिवळा, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. म्हणून नॉझलच्या ओठाजवळ, जेथे उष्णता सर्वाधिक, निळा असावा आणि पुढे सरकत जांभळा, तांबूस, शेवटी पिवळा. अनेक जण उत्साहात हा क्रम उलटा करतात आणि जाणकाराची नजर तेथेच अडखळते. आधी चकचकीत काळा थर, त्यावर धातूचा रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावर टॅमियाचे पारदर्शक पिवळा, लाल आणि निळा यांचे अगदी विरळ हात द्यावेत. लालाच्या कडेवर निळा हलकेच चढला की मधला जांभळा आपोआप मिळतो. एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारे साधन) नसेल, तर मंद काळ्या रंगावर शिसपेन्सिलीची भुकटी बोटाने चोळावी. पाकळ्यांच्या कडांवर भुकटी जास्त बसते, खाचांत काळा राहतो, आणि वापरलेल्या धातूची जी चमक येते ती ब्रशने लावलेल्या चंदेरी रंगाला कधीच येत नाही.

तेव्हा ज्याने दोन-चार साध्या मोटारी जोडल्या आहेत, त्याने बीटल आणि १/४८ चे इंजिन घ्यावे. ज्याचे ते पहिलेच मॉडेल आहे, त्याने तयार विनोदी किट किंवा पिकअप आणि ए-१० चे कवच. ज्याला नळ्या, तारा आणि पाती घडवण्यातच आनंद आहे, त्याने स्वतःचे इंजिन, मात्र पीव्हीसीऐवजी पातळ स्टायरीनचे. बीटल घेणाऱ्याने ११० मिमीपैकी ४० मिमी भाग बंपरच्या बाहेर ठेवावा, म्हणजे उरलेले इंजिन पुढच्या आसनांच्या पाठीला जेमतेम खेटते आणि कॉम्प्रेसरचे तोंड चालकाच्या मानेमागे येते. हवा आत घेण्यासाठी मागच्या बाजूच्या काचा काढून टाकाव्यात, मागच्या आसनाच्या जागी एका बाजूला इंधनाची टाकी आणि तिच्यापासून इंजिनापर्यंत जाणारी वेटोळी नळी दाखवावी. मागच्या काचेभोवतीचे पहिले भोक दोन मिमी लहानच कापावे, इंजिन घालून पाहावे, आणि उरलेले कानशीने थोडे थोडे वाढवत न्यावे.