कोर्स रिव्ह्यू: टॅक्सचा भाग भारी, विकेंद्रीकरण मात्र गुंडाळलंय

आर्थिक एकीकरण, कर आणि सरकारचं विकेंद्रीकरण (म्हणजे केंद्राचे अधिकार खाली प्रांतांकडे देणं) यावरचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला. पहिला अर्धा भाग खरंच भारी आहे. बाजार एक झाले की भांडवल कुठेही पळू शकतं, माणूस तितक्या सहज बिऱ्हाड हलवत नाही आणि जमीन तर हलतच नाही, त्यामुळे देश कंपन्यांवरचा टॅक्स कमी करत जातात आणि भार पगारावर नाहीतर खरेदीवर सरकतो, हे इतकं सोपं करून सांगितलंय की ग्राफ नाही बघितले तरी चालतं. आयर्लंडचा 2003 पासूनचा 12.5 टक्के दर, हंगेरीचा 9 टक्के, मग 2021 मध्ये 130 हून जास्त देशांनी बड्या कंपन्यांसाठी (वर्षाला 75 कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या) किमान 15 टक्क्यांना दिलेला होकार, सगळं ओळीने उलगडतं. एकच खटकलं. दर घसरला म्हणजे वसुली पण घसरली असं सर धरूनच चालतात. आयर्लंडचंच बघा ना, दर कमी आणि कंपनी टॅक्सची वसुली तुफान!

दुसऱ्या भागात नुसती घाई. म्हणे बाहेरचा बाजार खुला असला की छोट्या प्रांताला मोठ्या देशाची गरज कमी वाटते, म्हणून स्वायत्ततेची मागणी जोर धरते, ब्रिटनमधलं स्कॉटलंड, स्पेनमधलं कॅटालोनिया वगैरे. पटतं, पण अर्धंच, कारण तेच एकीकरण अधिकार वरही ओढतं. युरोपियन युनियनच्या देशांना स्वतःचं वेगळं आयात शुल्क लावता येत नाही, व्हॅटचा स्टँडर्ड दर 15 टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. आता देशाचेच हात असे बांधले गेले आणि खर्चाची कामं तेवढी खाली ढकलली तर प्रांत वरून येणाऱ्या अनुदानाकडेच डोळे लावून बसणार. याला विकेंद्रीकरण म्हणायचं का? हा प्रश्न अख्ख्या कोर्समध्ये कुणी विचारतच नाही राव.

स्वित्झर्लंड तर नुसतं तोंडी लावायला घेतलंय. तिथे कँटन (म्हणजे तिथले प्रांत) आपले टॅक्सचे दर आपण ठरवतात, झूगसारखे कँटन कमी दरावर कंपन्या खेचतात, आणि तरी श्रीमंत कँटनचा पैसा गरीब कँटनकडे वळवायची व्यवस्था आहे. खरी गंमत इथेच होती, पण सर स्लाइड बदलून पुढे.

क्विझ निव्वळ पाठांतराची. कोर्सला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. टॅक्सवाले व्हिडिओ दोनदा बघा, विकेंद्रीकरणवाले दीडपट स्पीडवर उरका.